सोनुबाईचं नॉटपेड

आमच्या आळीत सोनुबाईच्या परसाला कुंपण नाही, पण तिला विचारल्याशिवाय तिथलं कढीपत्त्याचं पानही कोणी तोडत नाही. नेरळच्या या बाजूला शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या. दिरांनी आपापले हिस्से विकून गाड्या घेतल्या, सोनुबाईच्या मुलानेही भाताची जमीन विकली. घरामागचा तुकडा मात्र तिने सोडला नाही. तिथे मांडवावर दुधी, पडवळ, शिराळी चढतात, कडेला वाल आणि काकडी. वेलावरचं पहिलं देखणं फळ ती कधी खात नाही. ते बियाण्याला राहतं. बी वाळवायचं, राखेत घोळायचं आणि रिकाम्या औषधाच्या बाटल्यांत भरून ठेवायचं, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून करते आहे. चिकट बाई. काडेपेटीतली काडीसुद्धा शेजारच्या पेटत्या चुलीवरून वाचवेल अशी.

तिची सून संजना ठाण्याला एका ऑफिसात कामाला जाते. तिने दोन-तीन वर्षांपूर्वी या बाटल्यांचे फोटो काढून फोनवर टाकले आणि ‘सोनुबाईचं गावठी बियाणं’ असं नाव दिलं. गच्चीत कुंड्या लावणाऱ्या लोकांची फोनवर केवढी दुनिया आहे, ते तेव्हा घरात कळलं. पनवेल, पुणे, नाशिक, कुठून कुठून मागण्या यायला लागल्या. बियाण्याचे आणि टपालाचे पैसे लोक आधीच पाठवायचे. पाकिटं भरणं, मोठ्या अक्षरात पत्ते लिहिणं आणि नेरळच्या लाल पेटीत टाकणं हे सोनुबाईचं काम. चौथीपर्यंत शिकलेली असली तरी तिचं अक्षर दुकानाच्या पाटीसारखं आहे.

संजनाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “आई, पाकीट पोस्टात काट्यावर ठेवायचं. जितकं वजन तितकी तिकिटं लागतात.”

“मी कर्जतला जाते तवा टीसी मला काट्यावर ठेवतो काय?” सोनुबाईने विचारलं.

“ते वेगळं तिकीट.”

“तिकीट म्हंजे तिकीट. जाड्या माणसाला एक, बारक्याला एक.”

आणि तिने प्रत्येक पाकिटावर एकच तिकीट लावायला सुरुवात केली. मिरची, माठ, वांगी यांचं बी हलकं, ते बिनबोभाट पोचायचं. वाल आणि दुधीचं पाकीट मात्र पोस्टात अडायचं. तिकीट कमी पडलं की पोस्ट ते घेणाऱ्याकडून दुप्पट करून वसूल करतं. जुनी माणसं त्याला नॉटपेड म्हणतात. बहुतेक लोक कुरकुरत देऊन टाकायचे, त्यांना वाटायचं सरकारने काहीतरी नवीन काढलं असेल. टपालाचे पैसे आपण आधीच दिले होते आणि ते सोनुबाईच्या कनवटीला आहेत, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही.

काही जण पाकीट घ्यायलाच नकार द्यायचे. मग ते फिरून सोनुबाईच्या दारात. आमच्याकडे टपाल आणणारा जगदीश मोटरसायकल स्टँडला लावून ओसरीवर बसायचा.

“मावशी, त्यांनी घेतलं नाही. आता हे तुम्हाला भरायला लागेल.”

“मी तर पाठवलं होतं. परत कशाला आणलंस?”

“नियम आहे.”

“मग नियमाला चार पडवळं दे,” म्हणत ती खरोखरच पडवळं आणायला उठायची. सरकार पडवळं घेत नाही हे जगदीशने तिला अनेकदा समजावलं. शेवटी ती पैसे द्यायची, पडवळंही द्यायची, आणि तेच बी नव्या पाकिटात घालून दुसऱ्या कोणाला धाडायची. एकच तिकीट लावून.

असं बरेच दिवस चाललं. मग खोपोलीच्या माधवीबाईंनी वाल आणि काकडी मागवली.

माधवीबाईंचं वय पन्नाशीच्या आसपास. नवरा कारखान्यातून निवृत्त झालेला, घर वरच्या मजल्यावर आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. दुधाच्या पिशव्यांपासून जुन्या बादल्यांपर्यंत सगळ्यांत त्यांनी काही ना काही लावलेलं. त्यांच्याकडे नॉटपेड पाकीट गेलं तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने सोडवून घेतलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, आणि सोनुबाईला संदेश धाडला: टपालाचे पैसे मी दिले होते, वर दंडही भरला, तो परत करावा.

सोनुबाई लिहीत बसत नाही. ती फोनमध्ये बोलते. “बाई, तुमच्या पोस्टमननं पैसं घेतलं, त्याला मागा. मी तिकीट लावलं हाय. वालाचं बी टपोरं निघालं त्याला मी काय करू? आमच्या परसातलं बी टपोरंच असतंय.”

माधवीबाईंनी हे बोलणं आणि पाकिटाचा फोटो बागवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. शेकडो माणसं होती त्यात. ज्यांनी ज्यांनी गुपचूप दंड भरला होता त्यांना एकदम वाचा फुटली. संजनाला संध्याकाळी घरी येईपर्यंत उत्तरं देता देता नाकी नऊ आले. सोनुबाई मात्र वाटाणा सोलत म्हणाली, “बोलू दे. बी उगवलं नाय असं कोण बोललंय काय?”

तसं खरंच कोणी म्हटलं नव्हतं.

आठवड्याभराने जगदीश एक गलेलठ्ठ पाकीट घेऊन आला. वर सोनुबाईचं नाव, तिकीट एकही नाही. पाठवणाऱ्याचा पत्ताही नाही. हाताला जाड लागत होतं. सोनुबाईला वाटलं, कोणीतरी जुनं बियाणं पाठवलं असणार. तिने जगदीशशी न भांडता पैसे दिले, यावरूनच तिला किती मोह पडला होता ते कळावं. आत घडी घातलेली रद्दी निघाली आणि एक चिठ्ठी: “आमच्याकडची रद्दी टपोरी असते. माधवी.”

जगदीश हसू दाबायला मोटरसायकलची किक मारत राहिला. गाडी आधीच चालू होती.

सोनुबाईने ती रद्दीही घडी करून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती ओढ्याच्या बांधावर गेली. तिथे झुडपांवर खाजकुयलीचे वेल माजतात. शेंग दिसायला मखमली, सोनेरी लव असलेली, पण ती लव अंगाला लागली की माणूस स्वतःचं कातडं ओरबाडतो. गेल्या साली तडकून पडलेल्या शेंगांतलं बी तिने काठीने बाजूला केलं, घरी आणून धुतलं. बी एकदम निरुपद्रवी. काळंभोर, चकचकीत, हातात घेऊन खेळावंसं वाटणारं. ते पाकिटात घालून ती आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाच्या काट्यासमोर उभी राहिली, सांगतील तितकी तिकिटं लावली, आणि चिठ्ठी घातली: “बाई, चूक झाली. भेट म्हणून रंगीत घेवडा धाडते. मांडवावर चढवा.”

संजनाने तिकिटं मोजून समाधानाने मान हलवली. तिला वाटलं, सासूला उपरती झाली.

पावसाळाभर माधवीबाईंच्या गच्चीत तो वेल असा फोफावला की पाण्याची टाकी दिसेनाशी झाली. गणपती होऊन गेल्यावर त्याला जांभळ्या फुलांचे घोस लटकले. माधवीबाईंनी त्याचे फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, “भांडण झालं होतं, पण सोनुबाईंनी मोठं मन दाखवलं. असा घेवडा मी कुठे पाहिला नाही.”

संजना हे वाचून दाखवत होती तेव्हा सोनुबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“आई, सगळे जांभळा घेवडा मागतायत. किती जणांना देता येईल?”

“संपला.”

“थोडाही नाही?”

“संपला म्हटलं ना गं.”

लोक थांबायला तयार होते. आगाऊ पैसे पाठवत होते. माधवीबाई तर रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवून ‘शुभ प्रभात’ म्हणायच्या. शिव्या दिल्या असत्या तर सोनुबाईला चाललं असतं, पण हे शुभ प्रभात तिला टोचायला लागलं. एकदा तिने फोन तोंडाशी धरून “बाई, त्या येलाला शेंगा धरल्या की…” इतकं म्हटलं आणि पुढे काय बोलायचं ते न सुचून पुसून टाकलं. उद्या सांगू म्हणाली. उद्या भात झोडायला माणसं येणार होती बहिणीकडे, तिकडे गेली.

दिवाळीनंतर शुभ प्रभात बंद झालं.

मग एका दुपारी जगदीश आला तो मोटरसायकल कशीबशी टेकवून, मान, कोपर, पोट एकाच वेळी खाजवत. डोळे लाल झालेले. त्याने पिशवीतून एक जाड पाकीट काढून ओसरीवर टाकलं. बिनतिकिटाचं होतं, कोपरा फाटलेला, आणि त्यातून सोनेरी लव बाहेर आलेली.

“मावशी, यात काय आहे?”

सोनुबाईने लांबूनच ओळखलं. “हात लावू नको. खाजवू बी नको, पसरतंय. शर्ट काढ.”

तिने गोठ्यातून ओलं शेण आणलं आणि जगदीशला कोपरापासून खांद्यापर्यंत, मानेला, पाठीला लिंपून काढलं. खाजकुयलीवर आमच्याकडे हाच उपाय. सरकारी माणूस अर्धा उघडा, शेणाने माखून, ओसरीच्या खांबाला टेकून बसला. शेण वाळेपर्यंत जागचं हलायचं नव्हतं, म्हणून सोनुबाईने त्याला सगळं सांगितलं. बांध, बी, घेवडा, सगळं.

जगदीश आरडाओरड करणाऱ्यातला नाही.

“त्या बाईंनी तुम्हाला पाठवलं, तुम्ही त्यांना पाठवलं. मी कोणाचं काय केलं होतं, मावशी? त्याच पिशवीत वरच्या आळीतल्या धाऊ आजीचा पेन्शनचा कागद आहे. तो तिच्या हातात कसा देऊ?”

सोनुबाईने नॉटपेडचे पैसे देवळातल्या ताटात ठेवावेत तसे त्याच्यासमोर ठेवले, पाकीट चिमट्याने उचलून उकिरड्यात खोल पुरलं, आणि धाऊ आजीचा कागद फडक्याने पुसून स्वतः नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी तिने कर्जतहून खोपोलीची गाडी पकडली. दुपारच्या त्या गाडीत मोजकी माणसं असतात. पळसदरीला ती एकदा उठून दारापर्यंत गेली, म्हणाली उतरावं आणि परत जावं. पण गाडी सुटली.

दार माधवीबाईंनीच उघडलं. दोन्ही हातांना गुलाबी औषध फासलेलं.

“कोण हवंय?”

“मी सोनुबाई. नेरळवाली. नॉटपेड आलेय. घ्यायचं तर घ्या, नायतर परत धाडा.”

माधवीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दार लावलं नाही, पण बाजूलाही झाल्या नाहीत.

“आमचे हे तीन रात्री झोपले नाहीत,” त्या म्हणाल्या. “टाकी साफ करायला आलेला माणूस अजून फोन उचलत नाही.”

“तुमी पाठवलेलं माझ्या पोस्टमनला लागलं.”

हे ऐकून माधवीबाईंचा चेहरा उतरला. “त्याला? मी तर पिशवीत गुंडाळून घातलं होतं.”

“फाटलं. टपोरं होतं ना.”

आधी कोण हसलं यावर आजही दोघींचं एकमत नाही. पण हसू ओसरल्यावर सोनुबाईने पदर खोचला आणि विचारलं, “गच्ची कुठं हाय? आणि पाण्याचा पाइप?”

खाजकुयली कोरडी उपटायची नसते, लव उडते. दोघींनी वेल वरपासून खालपर्यंत भिजवला, हाताला पिशव्या बांधल्या, मुळासकट काढून पोत्यात कोंबला. माधवीबाईंचे यजमान जिन्यातूनच सूचना देत होते. वर यायला ते तयार नव्हते. नंतर चहा झाला. सोनुबाईने आणलेलं खऱ्या घेवड्याचं बी माधवीबाईंनी भिंग लावून दाणा न् दाणा तपासलं, आणि सोनुबाईने त्याचा राग मानला नाही.

एक गोष्ट मात्र माधवीबाईंनी करायला लावली. ग्रुपवर सगळ्यांना खरं सांगायचं. सोनुबाईने तिथेच बसून फोनमध्ये सांगितलं, “तो जांभळा घेवडा नाय, ती खाजकुयली हाय. मीच धाडलेली. कोणी लावू नका. आणि ज्यांना ज्यांना नॉटपेड गेलं त्यांनी पुढच्या येळी बी मागवा, तेवढं जास्तीचं टाकीन.” पैसे परत देते, असं काही ती म्हणाली नाही, आणि माधवीबाईंनीही तेवढ्यावर सोडलं.

आता सोनुबाई प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवते. काटा पुढे सरकला आणि तिकीट वाढणार असं दिसलं, तर तिथल्या तिथे पाकीट उघडून दोन दाणे काढून घेते आणि पदरात बांधते. त्यावरून ग्रुपवर नवी भांडणं सुरू आहेत, दाणे मोजून. माधवीबाई त्यात सोनुबाईची बाजू घेतात.

जगदीशने तिला कितीतरी महिने हाक मारली नाही, टपाल ओसरीच्या कडेवर ठेवून जायचा. मग पडवळाचा हंगाम आला आणि तो पुन्हा बसायला लागला.

राहिली खाजकुयली. सोनुबाईने खरं सांगून टाकल्यावर मागणी थांबेल असं संजनाला वाटलं होतं. ती वाढली. एकाने विचारलं, शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत किती दिवसांत पोचेल. एका बाईंना ती सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कुंडीत लावायची होती. संजनाने कपाळाला हात लावून विचारलं, “यांना काय कळवू, आई?”

सोनुबाईने बराच विचार केला. “कळव, हे बी टपालानं जात नाय. दारात येऊन न्यायला लागंल.”

आजवर एकच गृहस्थ आले, पनवेलहून. घर माहीत नसल्यामुळे स्टेशनपासून विचारत विचारत आले, आणि प्रत्येकाने त्यांना कशासाठी आलात म्हणून विचारलं. आमच्या आळीत पोचेपर्यंत त्यांच्या शेजाऱ्याचं नाव आम्हा सगळ्यांना माहीत झालं होतं. ते ओसरीवर बसून पाणी प्यायले, थोडा वेळ हवापाण्याचं बोलले, आणि वालाचं बी घेऊन गेले.