जपून ठेवलेल्या गोळ्या

हैदराबादच्या प्रयोगशाळेत माझा आठ वर्षांपासून एकच उद्योग आहे: क्षयाच्या जंतूचं एक एन्झाइम बंद पाडणारं औषध शोधायचं. एन्झाइम म्हणजे जंतूच्या पोटातला कामगार. त्याचे हात बांधले की जंतूचा कारभार आटोपला. अजून बांधता आलेले नाहीत. आणि इकडे दिग्रसला माझ्या बाबांनाच क्षय झाला, तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

बाबा ट्रॅक्टर मेकॅनिक. यवतमाळच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांत खोकला थांबला आणि बाबा गॅरेजात जाऊ लागले. मी सुट्टीत घरी आले तेव्हा त्यांना चहा द्यायला गॅरेजात गेले. बसायला जागा करताना सुट्या भागांचा डबा उघडला. सहज न मिळणारा भाग बाबा फडक्यात गुंडाळून त्यात ठेवतात. दोन बेअरिंगांशेजारच्या फडक्यात डॉक्टरांनी दिलेल्या त्याच गोळ्या होत्या. तीन पाकिटं.

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक समोर असताना मी ओरडले, "बाबा, ह्या कायले ठेवल्या?"

बाबा हाताचं ऑइल पुसत राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "मले आता बरं वाटून राह्यलं, म्हनून घेनं थांबवलं. तू तं दिवसभर त्याच जंतूत असतं. उद्या तुले झालं तं? अशी गोळी वेळेवर कोन देते?"

रागाचं पाणी झालं. मी तिथेच टायरवर बसले आणि रडले. प्रयोगशाळेतल्या आमच्या खोलीत जिवंत जंतू नसतातच, नुसतं एन्झाइम असतं, नळीत. एवढं साधं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना काय कळणार, हा माझा दीडशहाणपणा. आणि हा माणूस आठ वर्षं एकटाच माझ्यासाठी घाबरत होता.

मग सगळं सांगितलं. जंतूच्या अंगात एक बारीक चाक फिरतं, त्यावर त्याची ताकद बनते. ही गोळी ते चाक अडवते. पण जंतू लगेच मरत नाही. मध्येच गोळी सोडली तर तो सावरतो, आणि मग त्याच गोळीला दाद देत नाही.

"म्हंजे म्या त्याले शिकवून ठेवलं?" बाबांचा चेहरा उतरला.

ते आता तपासणीतच कळणार होतं. डॉक्टर रागावले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, थुंकी तपासायला गेली. निकालाला कित्येक आठवडे लागले. मी हैदराबादला परतले होते; रोज सकाळी बाबा व्हिडिओ फोनवर मला दाखवून गोळी गिळायचे आणि मी दिवसभर धास्तावलेली असायचे.

निकाल आला: गोळी अजून लागू पडत होती. बाबांनी फोनवर विचारलं, "तू शोधून राह्यली ते तुही गोळी कवा येते?"

"माहीत नाही, बाबा. तुमच्या कामी नाही यायची."

"नसू दे. कोनाच्या तरी बापाच्या कामी येईन."