नेरच्या मामांनी काय काय सोडलं

नेरला मामांकडे गेलो की चहा मीच करायचा, हा मक्ता मी उगाच मोठेपणाने घेतला होता. एकदा खिडकीत टांगलेली चकचकीत गाळणी दिसली. तिच्यातून चहा गाळला, सगळ्यांना दिला, स्वतः दोनदा प्यालो. तेवढ्यात न्हाणीकडे निघालेले मामा थबकले. "भाच्या, माही गाळनी कुठी गेली?" ती लघवीतून पडणारा मुतखडा पकडायची गाळणी होती! मामी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मामा शांत. "भेऊ नको बाप्पा. मामीनं घासूनच टांगली होती."

सापडलेला खडा मामा कापसावर ठेवून पाहुण्यांना दाखवत. मग एखादा पदार्थ सोडत. लोक काशीला जाऊन भाजी सोडतात, मामा खडा पडला की सोडत. "खडा रिकाम्या हातानं जात नाही. त्याले काही द्या लागते." आधी टमाटर गेलं, मग पालक, मग दूध, अंडी, शेवटी तुरीचं वरणही. मामांनी सोडलं की मामी ते रांधणं बंद करत, एक शब्द न बोलता. लग्नाच्या पंगतीत मी ओरडायचो, "मामा, आता भाकर तेवढी सोडू नका!" सगळे हसत. मामा सगळ्यात जास्त.

यंदाच्या हिवाळ्यात मामांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा. यवतमाळला नेलं. सोनोग्राफीत खडा अडकलेला दिसला, पण डॉक्टरीणबाई रक्ताच्या रिपोर्टवरून नजर हलवेनात.

"सीआरपी फार वाढलंय, म्हणजे आत मोठा दाह आहे. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, खूप खाली. काही आजारानं, काही न खाण्यानं. ही जोडी वाईट. अशा लोकांत खड्याचा धोकाही जास्त दिसतो. आणि आता खड्यामागे पू साचला असेल तर..."

त्यांनी रिपोर्ट घडी घालून बाजूला ठेवला.

"दूध, डाळ कोणी बंद केली?" त्यांनी विचारलं.

मामांनी शाळकरी पोरासारखं माझ्याकडे पाहिलं. "कोनी नाही, बाई. मीच."

पू काढायला नळी टाकली. आता अंगात ताकद येणं गरजेचं होतं. मी वाटीत पातळ वरण घेऊन बसलो. मामांनी हात तोंडावर धरला. "खाल्लं की खडा होते रे. मले लय भेव लागते." इतकी वर्षं ते हसण्याखाली काय झाकत होते, ते मला तेव्हा दिसलं. मी चमचा पुन्हा पुढे केला. माझ्यासाठी त्यांनी दोन चमचे घेतले आणि डोळे मिटले.

पहाटे ताप चढला, रक्तदाब उतरत गेला. मामा नेरला परत आले नाहीत.

त्यानंतर माझ्या कुशीत अधूनमधून काहीतरी टोचायला लागलं. खरं की मनाचं, देव जाणे. तपासून घ्यायची हिंमत होईना. मी गुपचूप टमाटर बाजूला काढू लागलो, मग पालक. परवा जेवताना वरणाची वाटीही सरकवली. बायको वाढता वाढता थांबली. वाटी उचलून तिनं माझ्या भातावर उपडी केली.

"मामी समजून बी चूप राह्यल्या. मी नाही राहणार. जेवा, अन् उद्या रक्त तपासायला चला."