मावशींचा पाय आणि आमचे झेल

रोडपालीतल्या आमच्या सोसायटीच्या बायकांच्या क्रिकेट टीमला कॅप्टन होती, पण टीम चालवायच्या मावशी. त्या विकेटकीपर. साठी ओलांडलेली, पंजाबी ड्रेसवर ग्लोव्ह्ज आणि तोंड अखंड सुरू. चेंडू हवेत उडाला की झेल कोणी घ्यायचा हे त्याच ठरवायच्या. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून फ्लॅटच्या नंबरानं हाक मारायच्या. "पाचशे दोन, तुजा!" म्हटलं की पाचशे दोनमधल्या बँकवालीनं धावायचं आणि बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, असा रिवाजच पडला होता.

स्पर्धेच्या तोंडावर मावशी बाथरूममध्ये घसरून पडल्या. गुडघ्याला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, चालाल-फिराल, पण उकिडवं बसणं आता विसरा. कीपरला असं सांगणं म्हणजे घरी बसा म्हणणंच. मावशींनी ते कानाआड केलं. ग्लोव्ह्ज माझ्याकडे देताना बजावलं, "मी येईपरत सांभाल. तुजं नाय ते."

आता माझी हाक स्वयंपाकघरातून हॉलमध्येही पोचत नाही. सरावाच्या पहिल्याच दिवशी एक झेल उंच उडाला. खाली चौघी जमल्या, माना वर करून नंबराची वाट बघत उभ्या राहिल्या. मी नंबर सांगितला, तो मलाच ऐकू आला. चेंडू बरोब्बर चौघींच्या मधोमध पडला. हसून हसून पोट दुखलं. कॅप्टन तेवढी हसली नाही.

मग आमच्यातल्या एका हुशार बाईनं मावशींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मैदानाभोवतीच्या जाळीला बांधला. रेंजची अशी कृपा, की मावशींची हाक चेंडू पडून गेल्यावर यायची. "तीनशे चार, तुजा!" असं फोन ओरडायचा, तेव्हा तीनशे चार कोपऱ्यात गेलेला चेंडू आणायला निघालेली असायची. मावशींनी स्पीकरवरूनच आमचा उद्धार केला आणि फोन ठेवून दिला.

सामन्याला त्या रिक्षा करून आल्या. प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून जाळीबाहेर बसल्या. आम्हाला हायसं वाटलं, आता ओरडतील. पण बाई गप्प! शेवटच्या चेंडूवर समोरच्या टीमला चौकार हवा होता आणि त्यांच्या बॅटिंगवालीनं चेंडू थेट आभाळात मारला. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. मला असा संताप आला, की मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "सातशे एक, तुजा!" अगदी त्यांच्याच ठेक्यात. सातशे एक धावली आणि तिनं झेल घेतला.

सगळ्या नाचत सुटल्या. मी ग्लोव्ह्ज काढून मावशींपुढे धरले. त्यांनी ते हातात घेतले, निरोप घ्यावा तसे आतून बाहेरून कुरवाळले. डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं होतं तर! मला भरून आलं.

"घामानं ओले झालेत," त्या म्हणाल्या, "उन्हात घाल. नायतर रविवारच्या मॅचला तुज्याच हाताला वास येल."