शाका राजाच्या बाई

मी आज जो काही आहे तो चौथीच्या बाईंमुळे. सोलापुरात, विणकर आणि बिडी कामगारांच्या वस्तीत आमची शाळा होती. तिथे त्यांना सगळे 'शाका राजाच्या बाई' म्हणत. आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या या लढवय्या राजाचं इंग्रजी चित्रचरित्र त्यांनी आणलं होतं आणि प्रत्येक चित्राखाली स्वतःच्या अक्षरात मराठीची पट्टी चिकटवली होती.

वाचताना पुस्तक आमच्याकडे तोंड करून धरायच्या; मजकूर त्यांना पाठच होता. घरातून घालवलेली आई लहानग्या शाकाला घेऊन चालली आहे, त्या चित्राशी थांबत. "ही पोराला काय म्हणाली असेल? आपापल्या घरच्या भाषेत सांगा." कुणी तेलुगूत "रा, बिड्डा" म्हणे, कुणी कानडीत "बा, मगा". दोन्हींचा अर्थ एकच: ये, बाळा. मी पाटी पुसत बसे. मला आणि आईला वडिलांनी माळशिरसहून असंच घालवलं होतं.

मला कामाला लावायचं म्हणून आई शाळेतून माझं नाव काढायला आली, तेव्हा बाईंनी ते चित्र तिच्यापुढे धरलं.

"ही रडंना कशी वो बाई?"

"रडून झालंय तिचं."

"आन् पोरगं?"

"राजा झाला."

"आईला इसरला न्हाय न्हवं?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या ह्याचं नाव."

राजाला त्यांनी देव केलं नाही. "मोठा होता, क्रूरही होता. एक लक्षात ठेवून दुसरं विसरायचं नाही," म्हणायच्या.

पुस्तक कपाटात ठेवलेलं त्यांना खपत नसे. दर शनिवारी ते एकेका मुलाच्या घरी जाई. निवृत्त होऊन त्या बार्शीला मुलीकडे गेल्या, पुढे अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या, तरी फोनवर अडखळत विचारायच्या, "राजा कुणाच्या घरी आहे?" मी शाळेत चौकशी करून कळवायचो. या जूनमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं. 'चौकशी करून कळवतो' म्हणून मी फोन ठेवला. मग हे पत्र पाठवलं:

"बाई, सा. न.

मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. वर्गाला कुलूप आहे. शिपाईमामा म्हणाले, 'पुस्तकं भिजली हुती, रद्दीत दिली की.' सात रस्ता चौकापर्यंतची रद्दीची दुकानं पालथी घातली. मिळालं नाही. नवी प्रत मागवता येईल, पट्ट्याही मी लिहीन. पण शनिवारी ती द्यायची कुणाला? आपल्या गल्लीतली मुलं आता पिवळ्या बसने लांबच्या शाळेत जातात. तुमचं नाव सांगितलं, तर त्यांना माहीत नव्हतं.

राजा कुणाच्याही घरी नाही. पुढच्या फोनला हे विचारू नका, बाई.

तुमचा विद्यार्थी"