भाऊजींचा पाया पडणारा संघ

देवाच्या वाती निम्म्याच वळून झाल्या होत्या, तोवर माझे दीर हिंदुराव दारातूनच ओरडले, "वैनी, वाटोळं झालं!"

मला वाटलं, म्हैस सुटली.

"पोरी तेरा गोलांनी जिंकल्या," म्हणाले आणि कपाळाला हात लावून ओसरीवर बसले.

भाऊजी फौजेतून सुभेदार होऊन परतले. पलटणीच्या संघात फुटबॉल खेळायचे. गावी आल्यावर उसाची शेती भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, गळ्यात घातली आणि स्वतः शाळेतल्या पोरी गोळा करून संघ केला. पहाटे माझी आरती आणि त्यांची शिट्टी एकदमच सुरू होते. देवाला आधी कुठली ऐकू जाते, ते देवालाच ठाऊक.

जिंकल्याचं त्यांना दुःख का, तर आमच्या भागात मुलींचे संघ मोजकेच, आणि तेही कच्चे. आटपाडीच्या संघात निम्म्या पोरी खो-खोच्या. बॉल अंगावर आला की खाली बसतात. माझी लेक राजनंदिनी आमच्या संघाची गोलकीपर. पण बॉल तिच्यापर्यंत येतोय कशाला? ती खांबाला टेकून बघायला आलेल्या बायकांशी गप्पा मारते. त्या दिवशी तर उभ्या सामन्यात तिनं भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.

गेल्या वर्षी अशाच जिंकत राज्य स्पर्धेला गेल्या. तिथं पहिला जोराचा बॉल आला, तो राजनंदिनीनं जाताना बघितला. मग नऊ गोल बसले. औंदा त्याच स्पर्धेला देशाच्या संघाच्या शिबिरासाठी मुली निवडणारे येणार होते. परत तसंच झालं तर तिचं नाव कोण घेणार?

टीव्हीवर देशाची मॅच लागली की भाऊजींचं एकच पालुपद. "शेजारपाजारच्या कच्च्या संघांना हाणून आपली माणसं फुगत्यात. म्होरं आशियात गेली की घाम फुटतोय. पायात जोर हाय वैनी, पन मार खायची सवयच न्हाई. आपल्या पोरींचं बी तेच."

शेवटी त्यांनी जत्रेसाठी सुट्टीवर आलेल्या फौजींना धरलं. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं संघ लगेच जमला. पोरींविरुद्ध सगळे काका.

सामना सुरू झाला. आमची माया बचावाला, नुसती वाघीण. हवालदार बाळासो बॉल घेऊन आले, तिनं पाय घातला, तो त्यांच्या पायाला लागला. झालं! माया थांबली, वाकली, त्यांच्या पाया पडली. बाळासो "आसू दे, सुखी ऱ्हा," म्हणत तसेच पुढं गेले आणि गोल करून आले. मग दुसरी वाकली, तिसरी वाकली. काका आशीर्वाद देतायत आणि गोल करतायत.

"आगं, मॅच हाय का लगीन?" भाऊजी ओरडले.

"पण काकांना पाय लागला की!"

"लागू दे की! मग पाय कशाला दिल्यात?" आणि माझ्याकडं वळले, "वैनी, ह्ये तुमचं शिक्षान!"

होतंच माझं. शनिवारी मारुतीच्या देवळात मीच पोरींना सांगते, मोठ्यांना पाय लागला तर नमस्कार करायचा. ते मी मागं घेणार नव्हते. पण पोरगी परत नऊ गोल खाऊन आली तर? संध्याकाळी देवापुढं बसले, तेव्हा सुचलं. पूजेच्या शेवटी चुकलंमाकलं माफ कर म्हणतो, ते इथं आधीच म्हणून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सगळे काका मी ओळीनं उभे केले. पोरी एकेकाच्या पाया पडल्या. काकांकडून मी मोठ्यानं वदवून घेतलं, "शेवटच्या शिट्टीपर्यंत पाय लागला तर दोष न्हाई." नारळ फोडला आणि शिट्टी झाली.

पहिल्याच झटक्याला बाळासो धुळीत. "आगं हळू, मी काका हाय तुझा!"

"नमस्कार झालाय काका!" माया बॉल घेऊन पळालीसुद्धा.

राजनंदिनीकडं बॉलवर बॉल येत होते. पहिला सुटला. दुसरा तोंडावर बसला. तिसरा तिनं पोटाशी धरला आणि ढोपर खरचटलेलं असून हसत उठली. फौजींतला एक दमून बसला, म्हणून भाऊजी स्वतः उतरले. पुतणीवर बॉल मारायला पाय उचलला, तोच मायानं खालून पाय घातला. बॉल एकीकडं, भाऊजी एकीकडं.

पोरी एका गोलानं हरल्या आणि रडायला लागल्या. भाऊजींना उचलून जीपमध्ये घालत होते, पण चेहरा असा की पेढे वाटायला निघालेत. "हारल्या वैनी! एकाच गोलानं हारल्या! आन पोरीनं किती आडीवले, बघितलं का?"

मिरजेच्या दवाखान्यात घोट्याला प्लास्टर झालं आणि चार दिवस तिथंच ठेवून घेतलं. डॉक्टरांनी कसं पडलात विचारलं, तर म्हणाले, "पडलो न्हाई. आमच्या बचावानं पाडलं."

तिथून भाऊजींचा निरोप आलाय, स्पर्धेपर्यंत रोज सामना. बाळासो लंगडत विचारायला आले, "वैनी, सुट्टी संपायच्या आधी पलटणीत हजर झालं तर चालतंय का? सीमेवर जरा आराम हाय."

राजनंदिनीचे हातमोजे गेल्या वर्षीपासून कोरे होते, ते काल फाटले. आता मिरजेला भाऊजींचा डबा पोचवायचा, आणि येताना तिला नवे हातमोजे आणायचे.