ठेवू का, ताई?

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी जावा या कॉम्प्युटर भाषेत प्रोग्राम लिहिला होता. कळवण, दिंडोरीहून रक्ताचे नमुने सकाळच्या एसटीने यायचे आणि दुपारी रिपोर्ट फोनलाइनवरून परत जायचे. प्रत्येक रिपोर्टला एक सॉकेट, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधली जोडणी, उघडायची. ती बंद करायची तसदी मी कधी घेतली नाही. वापरात नसलेलं सगळं जावा स्वतःच झाडून काढतं असं शिकले होते, आणि त्याच तोऱ्यात होते.

आठवड्यातून एकदा सर्व्हर अडकायचा. की आलाच कळवणचं सेंटर सांभाळणाऱ्या काकांचा फोन. "ताई, रिपोर्ट नाय आले. एक बाई सकाळपासून बसून हाय." दिंडोरीचे रिपोर्ट तोवर गेलेले असायचे, म्हणून मी काकांवरच डाफरायचे, तुमची लाइनच भिकार आहे म्हणून. ते "बरं, ठेवू का?" विचारेपर्यंत मी रिसीव्हर आपटलेला असायचा.

शेवटी वैतागून मी लॅबच्या डॉक्टरांना लेखी दिलं: दोष कळवणचा, ते सेंटर बंद करा. शिवाय सर्व्हरला दुप्पट मेमरी मागून घेतली आणि सगळी जावाच्या हवाली केली. डॉक्टरांनी काकांना सेंटर आवरायला महिनाअखेरची मुदत दिली.

आणि प्रोग्राम रोजच अडकायला लागला. काका वेळा वहीत लिहून ठेवत होते. म्हणाले, "ताई, राग नका मानू. पैले आठ दिवसांनी अडकायचं. नवी मेमरी टाकल्यापासून रोज दुपारी. उलटं कसं झालं?"

मी माझा प्रोग्राम उघडून बसले. जावाचा झाडणारा येतो तो मेमरी भरत आली की, आणि आला की टाकून दिलेल्या सॉकेटही बंद करून जातो. मी त्याला एवढं ऐसपैस घर दिलं, की त्याला यायची गरजच पडेना. तोवर माझ्या उघड्या सॉकेट साठत जायच्या; एका वेळी ठरावीकच उघडता येतात, ती मर्यादा संपली की नवीन उघडायचीच नाही. कळवणच्या लाइनीचा काडीचा संबंध नव्हता. मला इतकी लाज वाटली, की जेवणाचा डबा तसाच राहिला.

काम झालं की सॉकेट बंद करणाऱ्या चार ओळी त्याच दुपारी लिहिल्या. डॉक्टरांकडे जाऊन चूक माझी आहे म्हटलं आणि ते पत्र परत घेतलं. मग पहिल्यांदाच मी होऊन कळवणला फोन लावला.

"काका, सेंटर चालू राहणार. ती तक्रार मीच केली होती. चुकलं माझं."

"म्हाईत होतं, ताई," ते म्हणाले. "सेंटर बंद होणार हे घरी तेवढं सांगितलं नव्हतं." मग नेहमीसारखंच, "बरं, ठेवू का?"

"ठेवा, काका," म्हटलं, आणि त्यांनी ठेवेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून बसले.