बोटीसाठी योग्य पेट्रोल

संकटात माणसाला तारते ती पूर्वतयारीच, असं आमच्या आळीच्या पूर समितीच्या फलकावर लिहिलेलं आहे. फलक दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर लावला आहे, कारण आधीचा वाहून गेला.

समितीने वर्गणीतून इंजिनाची बोट घेतली तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. माझ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं, आणि दवाखाना हायवेच्या बाजूला, उंचावर. महाडात सावित्रीचं पाणी चढलं की आमच्या घराचा खालचा मजला जातो आणि दवाखाना परदेशात जातो. त्यामुळे इंजिनाची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आळीत मी एकटाच निघालो. तिच्यात स्पष्ट होतं : दहा टक्क्यांहून जास्त इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरू नये. ते हवेतली ओल ओढतं, पडून राहिलं की पाणी टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन तळातूनच पितं.

पंपांवर आता वीस टक्केवालंच येतं. महाडातले पंप झाले, पोलादपूरपर्यंत जाऊन आलो. तिथला पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, साधं घ्या नायतर महागातलं घ्या, मिसळलेलंच हाय. बिनमिसळीचं पायजे तर दूध घ्या."

मागे उभा असलेला रिक्षावाला म्हणाला, "ते तरी कुठं मिळतं रे?"

शेवटी पुण्यात एका पंपावर इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं असं कळलं. भाच्याने एक कॅन आणून दिला. मी तो समितीच्या अध्यक्षांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, "हे फक्त पुरासाठी."

"सर, तुम्ही निर्धास्त राहा."

हे वाक्य मी नोकरीत पुष्कळदा ऐकलं आहे. त्यानंतर काही चांगलं घडल्याचं आठवत नाही.

बोटीचं लोकार्पण मे महिन्यात झालं. नारळ, भाषणं, मग पाहुण्यांना नदीतून एक फेरी. त्यांच्या सौभाग्यवतींना दुसरी. फोटोत पाहुण्यांच्या चेहऱ्यावर सावली आली म्हणून तिसरी. मी काठावरून ओरडलो, "अहो, पेट्रोल!"

अध्यक्ष हसले. "सर, पेट्रोलच आहे, अमृत नाही. पुन्हा भरू."

भरलं. गावातल्याच पंपावरून, अर्धी टाकी.

जुलैत पाणी आलं, नेमकं आईच्या डायलिसिसच्या दिवशी. ती सकाळपासून वरच्या खिडकीशी बसली होती, चांगलं पातळ नेसून, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून. बोट आळीच्या तोंडाशी दिसली. इंजिन खोकलं, परत खोकलं आणि बंद पडलं. वल्ही घेतलेलीच नव्हती. इंजिन असताना वल्ही कशाला, असं बैठकीत ठरलं होतं. आळीतल्या लोकांनी दोर टाकून बोट माघारी ओढून नेली.

"गेली काय रे?" आईने विचारलं.

"इंजिन बंद पडलं."

"मग एवढी भाषणं कसली केली मेल्यांनी?"

पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलं. चिखलातून ट्रॅक्टरने तिला दवाखान्यात नेलं. तोवर छातीत पाणी झालं होतं. ती घरी आली नाही.

समितीने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी भाषण केलं. बोटीला आईचं नाव द्यायचं एकमताने ठरलं. नामकरणाला पाहुणे तेच होते. इंजिन दुरुस्तीला पनवेलला गेलेलं असल्यामुळे हार इंजिनाच्या जागी, मागच्या रिकाम्या फळीला घातला.